सरावाचा हात

रंगरावतात्या चौगल्यांना कुणी "बरं हाय न्हवं?" असं विचारलं, की ते डाव्या हाताची बाही कोपराच्या वर सारतात आणि हात समोर धरतात.

"हे बघा. ह्यो ठिपका मस्कतला हाय. ह्यो पुण्यात, आयसीयूला. ह्यो जरा वाकडा घुसलाता, ह्यो आता जर्मनीला जायाची परीक्षा देतोय. ह्यो सांगलीचा पोरगा, सरकारी दवाखान्यात ब्रदर झालाय. आणि ह्यो..." इथे आवाज थोडा उतरतो. "ह्यो लगीन होऊन घरात बसलाय."

समोरच्याला त्या हातावर काहीच दिसत नाही. मलाही दिसत नाही, आणि मी त्यांचा भिंतीला भिंत लागून शेजारी आहे. सुईची खूण दोन-चार दिवसांत जाते. तात्यांची मात्र एकही गेलेली नाही.

सांगतो. आमच्या कॉलनीच्या टोकाला एक नर्सिंग स्कूल आहे. तिथल्या शिकाऊ मुलामुलींना नाडी बघायला, बीपी मोजायला, बँडेज बांधायला आणि मॅडम शेजारी उभ्या असताना रक्त काढायला जिवंत माणूस लागतो. दर गुरुवारी अकरा वाजता तो माणूस म्हणजे तात्या. नऊ-दहा वर्षं हे चाललं. इस्त्रीचा पांढरा शर्ट, कापलेली नखं, डोक्याला तेल. मी माझ्या साखरपुड्याला एवढा नटलो नव्हतो.

सुरुवात भांडणाने झाली. शाळेतल्या पोरी तात्यांच्या फाटकासमोर स्कूटी लावायच्या, म्हणून ते तावातावाने तक्रार करायला गेले. तिथल्या मॅडमनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "काका, पाच मिनिटं बसता का? बँडेजला माणूस पाहिजे होता." दोन तासांनी तात्या परत आले तेव्हा दोन्ही हात बोटांपर्यंत गुंडाळलेले. फाटकाची कडी काढता येईना. मीच काढली. "तक्रारीचं काय झालं?" मी विचारलं.

"लावू द्यात की स्कूट्या," तात्या म्हणाले. "पोरीस्नी सावली नको व्हय?"

कॉलनीत अर्थातच डोळे मिचकावले गेले. म्हातारा पोरींत रमतोय वगैरे. मिचकावणाऱ्यांत मीही होतो, लपवत नाही. एकदा काही निमित्त काढून मी डोकावून आलो. खोलीत निम्मे तर मुलगेच होते, एक जमदग्नी मॅडम होत्या, आणि तात्या तोंडात थर्मामीटर धरून, डोळे मिटून बसले होते. आरतीच्या वेळी माणूस उभा राहतो तसे. मी गुपचूप परत आलो.

तात्या उभं आयुष्य दूध संघात दूध तपासायला होते. त्यामुळे जगातली कुठलीही चांगली वस्तू त्यांच्या लेखी 'फॅट लागणारी' असते. भाषण चांगलं झालं तर "फॅट होता," पाहुणा नकोसा असेल तर "पाणी घातलंय." शाळेत जाऊन जाऊन त्यांना नर्सिंगला मुलंमुली आणायचा नाद लागला, आणि तोही त्यांनी दूध तपासल्यासारखाच चालवला. लग्नात, बाराव्याला, न्हाव्याच्या दुकानात, कुठेही पहिला प्रश्न एकच. "घरात बारावीला कोण हाय?" कुणी असेल तर त्या कुटुंबाचं जेवण थंड झालं म्हणून समजा. एएनएम दोन वर्षं, जीएनएम तीन, बी.एस्सी. चार. कुठल्या शाळेला मान्यता आहे, कुठली नुसती पाटी रंगवून बसली आहे, हॉस्टेलात आठवड्याला अंडी किती वेळा देतात, सगळं तोंडपाठ.

एकदा मला बरोबर घेऊन ते चंदगडकडच्या एका खेड्यात गेले. संघात असतानाची ओळख. त्या घरात रेश्मा नावाची मुलगी बारावी सायन्सला उत्तम मार्कांनी पास झाली होती आणि बाप तिला पुढे शिकवायला तयार नव्हता. "मास्तर, तुमी शिकल्यालं हाय. आधी तुमी बोला," तात्या म्हणाले.

मी बत्तीस वर्षं हायस्कूलात शिकवलं आहे. अर्धा तास बोललो. त्याग, सेवा, मानवता, दीप हातात घेतलेली स्त्री, काही म्हणून शिल्लक ठेवलं नाही. बाप शांतपणे ऐकत होता. शेवटी म्हणाला, "पावणं, त्याग करायला आमी दोघं हाय की घरात. पोरगी आनि कशाला?"

तात्यांनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवून मला बंद केलं. "गोठ्यात म्हसरं किती?"

"चार."

"तीन वर्षांत दोन जातील. त्यातली एक मी शिष्यवृत्तीचा फारम भरून वाचवायला बघतो. हॉस्टेल, जेवण, कपडे धरून सांगतोय. मागनं नवीन खर्च काय काढणार न्हाई."

"आनि नोकरी?"

"लागती. पर पैला पगार ऐकून रडायचं न्हाई. खासगी दवाखान्यात पैली दोन वर्सं पिळून घेत्यात. तेवढी काढली, अनुभवाचा कागद हातात आला, की मग पोरगी कुणाला ऐकत न्हाई. सरकारी भरतीला बसू दे. इंग्लिश सुधारलं तर लांब बी जाईल."

"लांब म्हंजे किती?"

"तुमाला दही पाठवता येनार न्हाई इतकं."

बाप हसला. आतून भांडं पडल्याचा आवाज आला. रेश्मा दारामागे ऐकत होती. जूनमध्ये नव्हे, पण प्रवेशाची शेवटची यादी लागली तेव्हा ती आमच्या कॉलनीच्या टोकाला ट्रंक घेऊन उतरली.

तिची पहिली सुई अर्थातच तात्यांच्या हातात. पोरीने त्याच जागेवर दोनदा स्पिरिट लावलं. "घाबरू नगंस," तात्या म्हणाले, "म्हैस लाथ मारती, मी मारत न्हाई." पहिल्यांदा शीर चुकली, दुसऱ्यांदा चुकली, तिसऱ्यांदा लाल थेंब नळीत आला. तात्या घरी येता येता रस्त्यावरूनच ओरडले, "मास्तर, फॅट हाय पोरीला!"

आता माझ्या कर्तबगारीकडे येतो.

मी आमच्या ज्येष्ठ नागरिक संघाचा सचिव आहे. एका गुरुवारी मला तात्यांच्या कोपराजवळ निळा-जांभळा डाग दिसला आणि मला दया आली. मला दया आली की शेजारपाजारच्यांनी दारं लावून घ्यावीत, असा माझा इतिहास आहे. मी सभासदांकडून वर्गणी गोळा केली आणि नर्सिंग स्कूलला सरावासाठी एक रबरी हात आणि एक अख्खा पुतळा भेट दिला. हातात शिरा होत्या, शिरांतून लाल पाणी फिरायचं. पुतळ्याला हवं ते सगळं होतं, काही जास्तच होतं.

समारंभ झाला. मी भाषण केलं. "गेली अनेक वर्षं आपले तात्या निमूटपणे टोचून घेत आले. आज आपण या वृद्धाची या यातनेतून मुक्तता करत आहोत. तात्या, तुम्ही सुटलात!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. सगळ्यांत शेवटपर्यंत तात्याच वाजवत होते. मग ते उठले, टेबलाजवळ गेले, त्या रबरी हाताचं मनगट त्यांनी दोन बोटांनी दाबून बघितलं.

"थंड हाय की," एवढंच म्हणाले.

पुढच्या गुरुवारी अकराला मी गॅलरीत होतो. तात्या इस्त्रीचा शर्ट घालून फाटकापर्यंत आले. कडीला हात लावला. थोडा वेळ तसेच उभे राहिले आणि परत घरात गेले. मी बायकोला कौतुकाने म्हणालो, "बघ, बिचाऱ्याला सवय सुटत नाही. पण आता आराम आहे."

त्यापुढच्या गुरुवारी ते फाटकापर्यंत आले नाहीत. महिन्याभरात इस्त्री गेली. मग दाढीही दोन-तीन दिवसांची दिसू लागली. न्हाव्याच्या दुकानात ते नुसते पेपर वाचू लागले, हे मला न्हाव्यानेच काळजीने सांगितलं. मागच्या गल्लीतल्या एक बाई मुलीची मार्कशीट घेऊन त्यांच्याकडे आल्या, तर तात्या म्हणाले, "मास्तरांना विचारा. त्यांना समदं कळतंय." बाई माझ्याकडे आल्या. मला एएनएम आणि जीएनएममधला फरकही धड सांगता आला नाही. माझी सौ. चहा घेऊन आली, आणि बाई गेल्यावर म्हणाली, "संघाला सांगून तुमची जीभ रबरी करून घेतली असती तर बरं झालं असतं."

"मी काय केलं?"

"तेच तर. तुम्हाला कधी कळतंय?"

मला कळायला अजून एक आठवडा लागला. तात्या भर दुपारी आले. दारातच उभे. "मास्तर, तुमच्याकडं बीपीचं मशीन हाय न्हवं?"

"आहे की! या, बसा. चक्कर येतेय का?"

"न्हाई न्हाई. सहज."

मुलाने मला पाठवलेलं नवं मशीन होतं. मोठ्या प्रौढीने मी ते टेबलावर ठेवलं, पट्टा पुढे केला. "हा तुमचा तुम्हीच गुंडाळायचा आणि हे बटण दाबायचं. बाकी सगळं ते करतं. नाडीसुद्धा तेच मोजतं. कुणाची गरजच नाही."

पट्टा फुगला, उतरला, आकडे आले. आकडे उत्तम होते. तात्या त्या आकड्यांकडे बघत राहिले.

"ह्यात मनगट धरत न्हाईत व्हय?"

"कशाला धरायचं?"

"तेबी खरंच." त्यांनी पट्टा सोडला, नीट घडी घातली. मग उगीचच माझ्याकडे न बघता म्हणाले, "पोरगं बंगळूरहून रोज फोनवर दिसतंय. दिसतंय की. एकदम समोर. आधी भाजीवाली सुट्टे पैसे तरी हातावर ठेवायची. आता तीबी म्हनती, काका, मोबाईल दाखवा." ते हसले. "कुनाचा हात लागून किती दिस झालं, परवा बसून आठवत हुतो. आठवंना."

मी मशीनची वायर गुंडाळत बसलो. ती गुंडाळून झाली होती, तरी गुंडाळत बसलो. तात्यांची बायको, आमच्या वहिनी, वारल्या, आणि त्यानंतर पाच-सहा महिन्यांनी स्कूटीची तक्रार घेऊन तात्या त्या शाळेत शिरले, हा हिशेब मी दहा वर्षांत एकदाही जुळवला नव्हता. गणिताचा मास्तर!

दुसऱ्या दिवशी मी शाळेत जाऊन मॅडमच्या समोर उभा राहिलो. बाई भल्या होत्या. "सर, पाहणीला आलेल्या लोकांनी तुमचा पुतळा बघून आमची पाठ थोपटली. आता बाहेरच्या माणसाला टोचू देता येणार नाही. आणि खरं सांगू? भाषणात तुम्हीच यातना म्हणालात. त्यानंतर त्यांना बोलवायची मलाच लाज वाटली." नाडी-बीपी तरी? पहिल्या वर्षाचे वर्ग सरले होते, मुलं हॉस्पिटलात ड्यूटीला जात होती. नवी बॅच आली की बघू, म्हणाल्या. नवी बॅच यायला चार महिने होते.

फाटकात रेश्मा भेटली. शेवटचं वर्ष, ड्यूटीवरून परत येत होती, डोळ्यांत झोप. मी तिला सगळं सांगितलं. ती पायरीवर बसली आणि म्हणाली, "सर, हात आणा. तुमाला शिकवते."

मी तिचंच मनगट धरलं, घड्याळ लावलं, मोजलं आणि गंभीरपणे जाहीर केलं, "शंभर. पोरी, तुझी तब्येत बरी नाही."

"सर, अंगठा लावलाय तुमी. अंगठ्याला सवताची नाडी असते. ही तुमचीच मोजलीसा." मग तिने माझी तीन बोटं धरून एकेक जागेवर ठेवली. "इथं. आनि दाबू नका. नुसतं ठेवायचं. माणसाला कळलं पायजे कोनतरी हाय म्हनून."

असा माझा नर्सिंगचा प्रवेश झाला. वय वर्षं अडुसष्ट, फी माफ.

पुढच्या गुरुवारी अकराला मी तात्यांच्या घरी गेलो. म्हटलं, "तात्या, ते मशीन बिघडलंय. आणि मी नवीन शिकतोय. सरावाला माणूस पाहिजे."

तात्यांनी माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. मशीन बिघडलेलं नाही हे त्यांना माझ्या तोंडावर दिसलं असणार, दुधातलं पाणी ओळखण्यात त्यांचा जन्म गेला होता. पण "थांबा," म्हणाले आणि आत गेले. परत आले तेव्हा इस्त्रीचा शर्ट घातलेला होता. खुर्चीत बसून त्यांनी बाही सारली आणि हात माझ्या मांडीवर ठेवला.

किती वर्षांचे आम्ही शेजारी, पण तो हात मी कधी जवळून बघितला नव्हता. बोटांची टोकं गुळगुळीत होती, दुधातलं फॅट मोजायच्या ॲसिडने वर्षानुवर्षं खाल्लेली. मी तीन बोटं ठेवली. दाबली नाहीत.

नाडी पहिल्या क्षणालाच लागली. संथ, ठळक, न चुकता. घड्याळाचा काटा एकदा फिरला, पुन्हा फिरला. बाहेर शाळेच्या पोरींच्या स्कूट्या सुरू झाल्या आणि निघून गेल्या.

"गावली का?" तात्यांनी डोळे मिटूनच विचारलं.

"न्हाई अजून."

"हुडका की सावकाश," तात्या म्हणाले. "मला कुठं जायाचं हाय?"