अण्णांचा नळ, माझी टाकी

मला कोणी गंडवू शकत नाही. हे आधीच सांगून ठेवतो, म्हणजे पुढचं वाचताना तुमचा माझ्याबद्दल गैरसमज होणार नाही.

उभी नोकरी मी एसटीत तिकीट तपासनीस म्हणून केली. बिनतिकिटाचा प्रवासी मी नुसत्या मानेवरून ओळखायचो. निर्दोष माणूस तपासनिसाकडे बघतो आणि बिनतिकिटाचा खिडकीबाहेर निसर्ग बघतो! तीच नजर मी आता राजकारण्यांवर वापरतो. नेत्यानं हात जोडले की मी खिसा धरतो. बातमीवाला ‘सर्वात आधी’ म्हणाला की मी दुसऱ्या दिवसापर्यंत थांबतो. आमच्या गल्लीत माझा दबदबा आहे तो यामुळेच. निदान त्या बुधवारपर्यंत होता.

आमची गल्ली क्रांती चौकातून रिक्षानं दहा मिनिटांवर. पैठणला एवढं मोठं धरण, पण आमच्या नळाला पाणी आठवड्यातून एकदा, तेही मनात आलं तर. त्यामुळं इथं वार सोमवार, मंगळवार असे नसतात. ‘पाण्याचा दिवस’ असतो आणि उरलेले दिवस असतात. पाण्याच्या दिवशी नळ सुरू झाला की माणूस हातातलं काम टाकतो. दाढी अर्धी असेल तर अर्धी राहते. प्रश्न विचारायचा नाही, भरत सुटायचं!

तर मंगळवारी पाण्याचा दिवस झाला आणि माझी गच्चीवरची काळी टाकी काठोकाठ भरली. गुरुवारी आमच्या रत्नमालाचं डोहाळजेवण. जावयाकडची मंडळी पिशोरहून जीप भरून येणार होती. सुरेखानं, म्हणजे आमच्या हिनं, त्या टाकीतल्या पाण्याचा हिशेब स्वयंपाक, भांडी, हातपाय धुणं असा तोंडपाठ केला होता. बुधवारी सकाळी लेकीला घेऊन हिरव्या बांगड्या घ्यायला गुलमंडीला निघताना तिनं बजावलं, “अहो, उद्यापर्यंत टाकीला हात लावायचा नाही. तोंडसुद्धा बेतानं धुवा.”

मी म्हणालो, “मी असताना एक थेंब इकडचा तिकडं होणार नाही.”

ती गेली आणि कडूबा आला.

(या गोष्टीत आता अधूनमधून एक लाल पट्टी पळेल. ‘ठणाणा न्यूज’ नावाची आमच्या शहरातली वाहिनी मोबाईलवर दिसते, तिच्या बातमीखाली पळते ती ही पट्टी. तिच्यावर विश्वास ठेवायचा की माझ्यावर, ते तुमचं तुम्ही बघा.)

पट्टी: आज ऐतिहासिक दिवस! सांडूअण्णांच्या हस्ते सार्वजनिक नळाचं उद्घाटन. घरोघरी दिवाळी.

कडूबा हा सांडूअण्णांचा कार्यकर्ता. आणि सांडूअण्णा हे आमचे भावी नगरसेवक. ते आम्हाला कळायला लागल्यापासून भावीच आहेत. त्यांनी माझ्या भिंतीला लागून एक सार्वजनिक नळ बसवला होता. संगमरवरी ओटा, पितळी तोटी, वर अण्णांचा नमस्कार करणारा फोटो. सगळं होतं. फक्त पाणी नव्हतं, कारण पाण्याचा दिवस आदल्याच दिवशी होऊन गेला होता आणि ठणाणाचा कॅमेरा मिळाला होता तो बुधवारी.

कडूबानं वर गच्चीकडं पाहिलं. माझ्या टाकीकडं असं पाहिलं, जसं कोणी उपवर मुलीकडं पाहतं.

“नाना, दोन मिनिटांचं काम हाय. तुमच्या टाकीतून मागून एक पाइप सोडतो. अण्णा नळ उघडतेल, फोटो निघंल, नळ बंद. बादलीभर पाणी.”

मी त्याला ताबडतोब ओळखलं. पण त्याची मान सरळ होती! वर तो म्हणाला की या गल्लीत विचारवंत असा एकच माणूस आहे, त्याची खुर्ची अण्णांच्या शेजारी ठेवायची अण्णांची स्वतःची इच्छा आहे. शिवाय संध्याकाळपर्यंत टँकर लावून टाकी होती तशी भरून देतो.

आता सांगा. मी काही फसलो नाही. मी फक्त हो म्हणालो.

अकरा वाजता मंडप, सतरंजी, ढणढणणारे स्पीकर. पाइप भिंतीमागून गुपचूप आला, त्यावर गालिचा पडला. मंच नेमका माझ्या फाटकाला टेकवून उभा केला. म्हणजे मी मंचावर आलो तो फाटकातून, आणि मग ते फाटक अण्णांच्या खुर्चीनं बंद झालं. हा तपशील लक्षात ठेवा. मी ठेवला नाही.

अण्णांनी फीत कापली. चावी फिरवली. भसाभसा पाणी! गल्लीतल्या सगळ्यात वयस्कर लक्ष्मीबाईंचा हंडा अण्णांनी स्वतःच्या हातानं भरला. टाळ्या. मीही वाजवल्या. दोन मिनिटं झाली होती.

तेवढ्यात ठणाणाचा पत्रकार ऋतुराज म्हणाला की माईक बंद होता, परत एकदा. परत एकदा झालं. मग मागून उजेड येतो म्हणून दुसऱ्या बाजूनं. मग पाणी संथ पडताना. मग अण्णा ओंजळीनं पिताना. मग कार्यकर्त्यांचे सेल्फी, त्यात प्रत्येकाला मागं वाहतं पाणी हवं होतं. आमच्या लग्नातसुद्धा एवढे फोटो निघाले नव्हते, आणि लग्नात काही वाहून जात नव्हतं!

मग अण्णा भाषणाला उठले. नळ चालूच. “मायबाप हो,” ते म्हणाले, “दुसऱ्यांनी नळ दिले आणि बंद केले. हा सांडू दिलेला नळ बंद करत नसतो!” आणि त्या भरात त्यांनी नळाची चावी उपटली, उंच धरून गल्लीला दाखवली आणि खिशात घातली.

माझ्या अंगाला दरदरून घाम फुटला. होतं नव्हतं ते सगळं पाणी आता बाहेर पडायला लागलं, वरून आणि माझ्यातूनही.

आणि मग गल्लीनं जे केलं ते आमची गल्लीच करू जाणे. नळ चालू आहे आणि बंद होणार नाही, हे कळताच सगळ्या बाया एकदम उठल्या. भाषण जागच्या जागी राहिलं. हंडे आले, कळश्या आल्या, पिंपं आली, पिठाचे डबे रिकामे होऊन आले. शेजारच्या जैतुनबी सगळ्यांत पुढं. त्यांनी पहिल्या हंड्यात बोटं बुडवली, माझ्याकडं एकदा पाहिलं आणि भराभर भरायला लागल्या. कोणी एक अक्षर विचारलं नाही. ज्या गल्लीत नेत्याच्या नावावर कोणी तंबाखूसुद्धा चोळत नाही, ती गल्ली नेत्याच्या नळाखाली रांग लावून उभी!

मी उठलो. वर जाऊन टाकीचा कॉक बंद करायचा होता. फाटकात अण्णांची खुर्ची, खुर्चीत परत बसलेले अण्णा. कडूबानं मला खांद्याला धरून माईकसमोर आणलं आणि नानासाहेब दोन शब्द बोलतील असं जाहीर केलं.

काय बोलणार? ‘हे पाणी माझं आहे’ म्हणालो तर सगळ्या गल्लीला फसवण्यात मी सामील. नाही म्हणालो तर उद्याची पंगत कोरडी. मी म्हणालो, “आज हे पाणी जाताना... येताना पाहून...” आणि डोळेच भरून आले. टाकीतलं तेवढंच पाणी माझ्या वाट्याला आलं.

पट्टी: ज्येष्ठ विचारवंताला आनंदाश्रू अनावर! ‘असा नेता होणे नाही’, नानासाहेबांची भावना.

मी हे म्हटलेलं नाही. परत वर जाऊन वाचून या, म्हटलेलं नाही.

बघता बघता नळानं दोन उचक्या दिल्या आणि फुस्स करून थांबला. अण्णांनी घड्याळ पाहिलं आणि ते पुढच्या कार्यक्रमाला गेले. कडूबानं पाइप गुंडाळला, गालिचा गुंडाळला, मंचावर माझ्या गळ्यात घातलेला हार काढून दुसऱ्या उद्घाटनासाठी पिशवीत टाकला.

दुपारी सुरेखा आली. स्वयंपाकघरातला नळ फिरवला. मग मोरीतला. मग माझ्याकडं वळली.

“टाकी कुठं गेली?”

“गळती असावी,” मी म्हणालो आणि खिडकीबाहेर बघायला लागलो. निसर्ग काही नव्हता, अण्णांचा फोटो होता.

तिनं बांगड्यांची पिशवी खाली ठेवली आणि घरातले रिकामे हंडे मोजायला लागली. हे फार वाईट असतं. टँकरसाठी मी कडूबाला फोन लावत राहिलो. फोन बंद. संध्याकाळी ठणाणा लावला आणि बघतो तर पडद्यावर माझा रडका चेहरा, भोवती लाल गोल!

झालं असं होतं. मागच्या गल्लीतल्या बायांनी दुपारची बातमी पाहिली. त्यांच्यात पाणी नाही आणि आमच्यात भाषणातसुद्धा पाणी! त्या रिकाम्या घागरी घेऊन अण्णांच्या कार्यालयावर गेल्या. अण्णा बाहेर आले, त्यांनी घागरी मोजल्या नसतील, पण मतं मोजली. आणि कॅमेऱ्यासमोर हात जोडून म्हणाले की तो नळ अधिकृत नव्हताच, नाना नावाच्या गृहस्थानं परस्पर लाईन फोडून तो जोडला, आपल्याला फसवून उद्घाटनाला बोलावलं, अशा पाणीचोरांना आपण पाठीशी घालणार नाही. ऋतुराजनं विचारलंसुद्धा नाही की चावी कोणाच्या खिशात आहे.

पट्टी: पाणीमाफिया नाना! सकाळी रडला, संध्याकाळी पकडला जाणार?

गुरुवारी पिशोरची जीप आली. सुरेखानं बाजारातून पाण्याचे जार आणून कसाबसा स्वयंपाक उरकला होता. माझ्याशी तिचं बोलणं बंद होतं. रत्नमाला हिरव्या साडीत पाटावर बसली, गल्लीतल्या बाया ओटी भरायला आल्या आणि त्यांच्या मागोमाग अनधिकृत नळ तोडणारं पथक आलं. पथकामागं ऋतुराज, माईक पुढं करून, थेट प्रक्षेपण करत.

पथकाचे साहेब सभ्य होते. त्यांनी चपला बाहेर काढल्या. तक्रार आहे म्हणाले, भिंतीला लागून नळ आहे, कालच्या चित्रणात त्यातून पाणी येताना दिसतंय. लाईन फोडली असेल तर घराचं कनेक्शन तोडावं लागेल, गुन्हाही दाखल होईल. मग त्यांनी सरळ विचारलं, “नाना, ते पाणी कुठून आलं?”

सगळं घर माझ्याकडं बघायला लागलं. जावई, व्याही, विहीणबाई. सुरेखा. खरं सांगितलं तर मी मूर्ख. गप्प बसलो तर चोर. आणि घराचा नळ तुटला तर लेक पहिलं बाळंतपण टँकरवर करणार! पण विहीणबाईंसमोर मूर्ख ठरणं हेही काही छोटं काम नाही हो. माझी मान आपोआप खिडकीकडं वळायला लागली.

तेवढ्यात जैतुनबी हळदीकुंकवाच्या ताटामागून पुढं आल्या. त्यांनी माईक ऋतुराजच्या हातातून सरळ स्वतःकडं ओढला.

“साब, वो पानी गरम था.”

साहेबांना कळेना.

“चाय कू रक्खे वैसा गरम! मई के महिने में लाईन का पानी ठंडा आता, जमीन के अंदर से आता ना. गरम पानी छत पे की काली टाकी का रहता. नानासाब की टाकी का था वो. हम सब कू पहले हंडे में मालूम पड्या.”

मी लक्ष्मीबाईंकडं पाहिलं. त्यांनी मान डोलावली. सगळ्या बायांनी मान डोलावली. सगळ्यांना माहीत होतं!

“अहो, मग माहीत होतं तर भरलं कशाला?” माझ्या तोंडून निघून गेलं, आणि त्यातच कबुलीही निघून गेली.

“नळ चालू हाय म्हनल्यावर भरायचं नाय व्हय?” लक्ष्मीबाई म्हणाल्या. “आन् चावी त्याच्या खिशात. आम्ही नसतं भरलं तर गटारीत गेलं असतं सगळं. तुमच्या घरी आज कार्य हाय ते काय आम्हाला ठावं नव्हतं?”

जैतुनबी म्हणाल्या की पाणी त्यांनी कालपासून झाकून ठेवलंय. नाना मागायला येतील म्हणून वाट पाहिली. नाना आलेच नाहीत.

मग हंडे यायला लागले. कालच्याच रांगेत, उलट्या दिशेनं. कळश्या, पिंपं, पिठाचे डबे. आता पाणी माठासारखं गार झालेलं. पथकाच्या साहेबांनी दोन पेले घेतले, कागदावर ‘लाईन सुरक्षित’ असं काहीतरी खरडलं आणि जेवूनच गेले. व्याही मंडळींनी माझ्याकडं ज्या मायेनं पाहिलं त्या मायेनं माणसं सहसा आजाऱ्याकडं बघतात.

सुरेखा हंडे उतरवून घेत होती. माझ्याजवळून जाताना कालपासूनचं पहिलं वाक्य बोलली.

“मानेवरून ओळखता ना तुम्ही?”

आणि हसली. पदर तोंडाला लावून, खांदे हलेपर्यंत हसली. मग रत्नमाला हसली, मग विहीणबाई. मी म्हटलं चला, कार्य तरी आनंदात झालं. ऋतुराजचा फोन वाजला, तो बाजूला जाऊन बराच वेळ ‘हो अण्णा, हो अण्णा’ करत होता.

पट्टी: सांडूअण्णांच्या जलबचत मोहिमेला यश! गल्लीतल्या महिलांनी वाचवलं पाणी. नानांवरचे आरोप खोटे असल्याचं आम्हीच सर्वात आधी सांगितलं होतं.

गोष्ट संपली. पथकानं त्या नळाला हात लावला नाही, कारण जो कशालाच जोडलेला नाही तो तोडायचा कुठून? संगमरवरी ओटा आहे, फोटो आहे, चावी अजून अण्णांच्या खिशात. त्यामुळं तो नळ कायमचा चालूच आहे, फक्त त्यात काही नसतं. अण्णांवर, ठणाणावर, त्या नळावर आता गल्लीत कोणाचाही विश्वास नाही. माझा तर मुळीच नाही.

मात्र रोज सकाळी त्या तोटीखाली कोणीतरी एक बादली ठेवून गेलेलं असतं. बाया येता-जाता हसतात. कोणाचा असेल एवढा भोळा जीव, म्हणून तर्क चालतात. मीही त्यांच्यात उभा राहून हसतो आणि निसर्ग बघतो.

पट्टी (ही माझी स्वतःची): बादली लाल आहे, कडी तुटकी. ओळखलीत तर सुरेखाला सांगू नका.