दामूअण्णांचे चार उतारू

आमच्या शेजारचे दामूअण्णा रोज सकाळी आठ वाजता अंगणात उभे राहून हिरवं निशाण दाखवत, आणि मगच त्यांचे चार गिनीपिग पेटीतून कुरणात सुटत. गिनीपिगांना निशाणाचं काही सोयरसुतक नव्हतं. पण अण्णांनी तीस वर्षं घाटात गार्डाची नोकरी केली होती. निवृत्त झाल्यावर रेल्वेची निशाणं परत करावी लागली, तेव्हा त्यांनी बायकोच्या जुन्या हिरव्या लुगड्याचं एक घरीच शिवलं. तोवर बायको जाऊन वर्ष झालं होतं.

टेकडीवरच्या बंगल्यातली एक मडम विलायतेला परत जाताना हे प्राणी त्यांच्या गळ्यात मारून गेली. लोणावळ्यात तसलं काही कुणी पाहिलेलं नव्हतं. कुणी बिनशेपटीचे उंदीर म्हणे, कुणी आखूड कानांचे ससे. अण्णा त्यांना 'उतारू' म्हणत, आणि उतारूंची जबाबदारी गार्डावरच असते, असं बजावत.

उतारू दिवसभर पेटीत कोंडलेले त्यांना बघवेनात. त्यांना ऊन हवं, गवत हवं. पण अंगणात वरून घार, भिंतीवरून मांजर आणि मागच्या करवंदीतून मुंगूस. म्हणून अण्णांनी कुरण बांधायला घेतलं, ते महिनाभर पुरलं. जुन्या फळ्यांची चौकट, वर बारीक जाळी, लपायला आडवी मडकी आणि सावलीला भातलावणीतलं एक जुनं इरलं. "खात्री झाल्याशिवाय गाडी हलत नाही," हे त्यांचं पालुपद. खात्री करायला ते धोतर खोचून चौकटीत पालथे पडत आणि उतारूंच्या उंचीवरून जग कसं दिसतं ते बघत. पाण्याला निघालेल्या बायका थबकून जात.

एका रविवारी त्यांनी मला हाक मारली. म्हणाले, "मास्तर, तुम्ही जरा मुंगूस व्हा."

भिडेखातर झालो. गुडघ्यांवर रांगत चौकटीला तीन फेऱ्या मारल्या, फळ्या हलवल्या, फटीत नाकसुद्धा खुपसलं. नेमके तेव्हाच आमचे हेडमास्तर रस्त्याने गेले. त्यांनी मला ओळखलं नाही असं दाखवलं, मीही तसंच केलं. डोंगरावरच्या वाडीतून रोज गवताचा भारा आणणारी चंद्रामावशी मात्र सगळं बघत उभी होती.

"भाऊ, मुंगूस मास्तरावानी वरनं हुंगत न्हाई बसत," ती म्हणाली. "त्ये खालनं उकरतंय. जाळी हातभर मातीत पुरा, आन् भाईरच्या अंगाला वळवा."

अण्णांनी सगळं उपसलं आणि पहिल्यापासून पुन्हा बांधलं.

दिवाळीला मुलाने त्यांना आठ दिवस कल्याणला बोलावलं. दोन पानं भरून सूचना माझ्या हातात देऊन अण्णा गेले. मी इमानाने सगळं केलं, कुणी बघू नये म्हणून फाटक लावून घेऊन निशाणही दाखवलं. उतारू गवत खात, पण तोंडातून आवाज नाही. एरवी शेजारी माझ्या घरात ऐकू येतील अशा शिट्ट्या घालणारे हे प्राणी माझ्यापुढे मुके झाले. दुसऱ्या दिवशी माझं धाबं दणाणलं. यांना काही झालं तर अण्णांना काय तोंड दाखवणार? त्या घरात त्यांना दुसरं होतं कोण?

तिसऱ्या दिवशी दुपारीच फाटकाची कडी वाजली. अण्णांच्या वहाणा करकरल्या, आणि चारही उतारू जाळीला पुढचे पाय टेकून एकदम शिट्ट्या घालू लागले.

आठाचे तीनच दिवस कसे झाले, असं मी विचारलं. तिकडे सगळं छान आहे, म्हणाले. मुलगा कामावर, सूनबाई फराळात, नातवंडं खेळात. अण्णा बाहेर जाऊन परत आले तरी कुणाच्या लक्षात येत नसे. त्यांची काही चूक नाही, हेही त्यांनी दोनदा सांगितलं.

मग कुरणाशी उकिडवे बसत हळूच म्हणाले, "मास्तर, जन्मभर शिट्टी मी मारली. ही असताना मी फाटकात आलो की आतून 'आलात का?' म्हणायची. ती गेल्यावर कुणी विचारलं नाही. आता हे विचारतात."

सूचनांचे कागद परत देऊन मी निघालो. रस्त्यावर पोचतो तोच मागे कडी वाजली. अण्णा रिकाम्या हातांनी फाटकाबाहेर येऊन उभे होते. मला पाहून ओशाळले. मी दुसरीकडे बघितलं. मग त्यांनी पुन्हा कडी काढली, आत पाऊल टाकलं, आणि आतून चार शिट्ट्या ऐकू आल्या.