मौजे वेल्डाचे टेकडीची हकीकत

श्री.

बर्डेट परगण्यातील समस्त लहानथोर मंडळी, मकेवाले, सोयाबीनवाले, डुक्करपाळ, ट्रॅक्टरस्वार आणि चर्चच्या तळघरातील कॉफीचे मानकरी यांचे सेवेसी विज्ञापना ऐसीजे: परगणा स्थापून दीडशे वर्षे जाहली, त्या साली कसबे लॅथम आणि मौजे वेल्डा यांमध्ये उंचीवरून जो संग्राम पेटला त्याची हकीकत कोणीतरी लिहून ठेवावी ऐसा आग्रह पडला. म्हणोन जे डोळ्यांनी देखिले आणि जे खात्रीच्या तोंडून ऐकिले, तेवढेच, तिखटमीठ बेताचे घालोन, लिहितो.

प्रथम मुलूख कैसा ते सांगतो. आयोवा प्रांती हा परगणा. पूर्वेस एक नदी, पश्चिमेस एक नदी, आणि मध्ये मका. मक्यानंतर सोयाबीन, आणि सोयाबीननंतर पुन्हा मका. मूळचे लोक पश्चिमेस लोटले गेले, नद्यांस त्यांची नावे तेवढी राहिली. मग नॉर्वेकर आले, त्यांनी चर्च बांधिले; मग जर्मन आले, त्यांनी दुसरे चर्च बांधिले; मग बोहेमियाचे लोक आले, त्यांनी नाचघर बांधिले, आणि मग दोन्ही चर्चांचे लोक शनिवारी तेथेच भेटू लागले. भूमी ऐसी सपाट की लॅथमास कोणी पहाटे दिवा लाविला तर बारा मैलांवर वेल्डाचे लोक “आज लवकर उठले वाटतं” ऐसे म्हणत.

कसबे लॅथम हे परगण्याचे तख्त. तेथे न्यायकचेरी, तिजवर तांब्याचा घुमट, पुढे पेटुनियाच्या फुलांचा थोर वाफा. मौजे वेल्डा येथे वस्ती एकशे सत्त्याऐंशी. शाळा गेली, दुकान गेले, न्हावी देवाघरी गेला आणि त्याचे जागी दुसरा आला नाही. राहिले एक चर्च, धान्याची एक कोठी आणि आर्डिसबाई फेल्स्टाड.

या आर्डिसबाईंनी वेल्डाचे शाळेत तेहेतीस वर्षे भूगोल शिकविला. वय चौऱ्याहत्तर, चण लहान, आवाज ऐसा की शेवटच्या बाकावरील पोर अद्यापि, नातवंडे जाहली तरी, तो ऐकून ताठ बसे. शाळा मोडली तेव्हा भिंतीवरील परगण्याचा नकाशा कोणी घेईना, तो बाईंनी घरी आणोन जेवणाचे खोलीत टांगिला, आणि रोज सकाळी पावाचा तुकडा हाती धरून आपले गाव जागेवर आहे की नाही हे पाहत.

ऐसे असता मे महिन्यात लॅथमाहून खलिता आला. परगण्याचे मुख्य कारभारी, ट्रॅक्टरच्या सुट्या भागांचे बडे व्यापारी, राजमान्य राजश्री लेलंड बस्कर्क यांनी उत्सवाचा नवा नकाशा छापावयास काढिला होता, आणि फर्मान ऐसे की ज्या गावी पाहण्याजोगे काही असेल तेच गाव नकाशावर घालावे, कारण कागद लहान आहे. आर्डिसबाईंनी चर्चच्या तळघरात कॉफीच्या मेजावर कच्चा नकाशा उलगडला, चष्मा पुसला, पुन्हा पाहिले. वेल्डाचे जागी मक्याच्या कणसाचे चित्र होते.

मेजाभोवती सातजण. सर्वांनी आपापली कॉफी ढवळिली. त्या मुलखाची रीतच ऐसी की घर जळाले तरी “जरा गरम झालं” म्हणावे.

“चित्र तसं वाईट नाही,” व्हर्जिल हौप्ट म्हणाला. हा व्हर्जिल शहात्तर वर्षांचा, बाराशे डुकरांचा धनी, दिवसाकाठी वीस शब्दांवर खर्चत नसे.

“व्हर्जिल, त्या कणसाखाली आपण सगळे आहोत!” बाई कडाडल्या.

“हं,” व्हर्जिल म्हणाला, आणि त्याने कॉफी ओतून घेतली.

बाईंस त्या दिवशी अन्न गोड लागेना. शाळा गेली तेव्हा त्या रडल्या नव्हत्या; परंतु नकाशावरून गाव पुसणे हे भूगोलाच्या बाईस सोसण्याजोगे नव्हे. मग त्यांनी मनसुबा केला. परगण्याचे जुने पुस्तकात लॅथमची कचेरी सर्वांत उंच जागी वसली ऐसे लिहिले होते आणि सर्वांनी ते मानिले होते. परंतु बाईंनी तेहेतीस वर्षे वसंतात पोरांस व्हर्जिलच्या शेतातील चढावर नेऊन दाखविले होते की बर्फ वितळले म्हणजे अर्धे पाणी पूर्वेच्या नदीस जाते आणि अर्धे पश्चिमेच्या. पाणी दोहींकडे ज्या जागेवरून वाहे, ती जागा खालची कैसी? परगण्याचे शिखर वेल्डास ठरले तर नकाशावर घालावेच लागेल, आणि कणीस हटेल.

मग पाच आठवडे रान उठवोन जूनातील एका सोमवारी खासा स्वारी व्हर्जिलच्या पिकअपमध्ये बसोन लॅथमास दाखल जाहली. दरबार भरला. बाईंनी अर्ज वाचला, आणि पाणी कैसे वाहते ते सांगितले. लेलंडराव खुर्चीत मागे रेलले. गृहस्थ मनाचे वाईट नव्हेत, परंतु ते जुने पुस्तक त्यांच्या आजोबांनी लिहिले होते.

“बाई, आदर आहे तुमच्याबद्दल,” ते म्हणाले, “पण तुमच्याकडे उंच असं जे काही आहे ना, ते डुकरांच्या शेणाचा ढीग आहे.”

दरबारी हशा पिकला. बाई हसल्या नाहीत.

“लेलंड, ढीग मी मोजणार नाही. तू घुमट मोजू नकोस. जमीन मोजू. आहे तयारी?”

भर दरबारी आव्हान आले, आणि माघार घ्यावी तर नोव्हेंबरात निवडणूक. मग लेलंडरावांनी फर्मान काढिले की परगण्याच्या मोजणीदार रेनाटा द्वोराक यांनी शनिवारी दोन्ही जागा मोजाव्या. एक सरदार उठोन म्हणाले की रेनाटा वेल्डाचे शाळेत शिकली, ती पक्षपात करील. तेव्हा रेनाटा मागील बाकावरून उभी राहिली.

“मला बाईंनी भूगोलात नापास केलं होतं,” ती म्हणाली. “दोनदा.”

हरकत निकालात निघाली.

शनिवारी मोहीम सुरू जाहली. वेल्डाहून एकवीस पिकअप, चार ट्रॅक्टर आणि तेवढीच कुत्री. लॅथमाकडून शाळेचा बँड, लिंबूसरबताची रसद आणि घडीच्या खुर्च्यांवर बसलेली शिबंदी. रेनाटाने उपग्रहाशी बोलणारी काठी प्रथम वेल्डाचे चढावर रोविली. वारा भरारा सुटला होता आणि सोयाबीनची रोपे घोट्यापर्यंत आली होती. तेराशे बारा फूट तीन इंच. वेल्डाचे फौजेने टोप्या उडविल्या. मग सर्व दळ बारा मैल चालोन लॅथमास आले, आणि रेनाटा कचेरीपुढील वाफ्यात, पेटुनिया चुकवीत, मधोमध जाऊन उभी राहिली, कारण जमिनीचा माथा तोच. काठी रोविली, यंत्र पाहिले, आणि तिचा चेहरा पडला.

“तेराशे बारा फूट,” ती हळू म्हणाली, “सात इंच.”

चार इंचांनी शिकस्त जाहली. लॅथमचा बँड वाजू लागला. लेलंडराव बाईंपाशी आले, हात पुढे केला, आणि “चांगली लढत दिलीत, बाई” ऐसे मनापासून म्हणाले, तेणेकरून बाईंस अधिकच लागले. त्यांनी हात मिळविला, पिकअपमध्ये जाऊन बसल्या, आणि पट्टा लाविता लाविता दुसरीकडे पाहू लागल्या.

व्हर्जिल गाडी सुरू करीना. तो काचेतून फुलांकडे पाहत होता.

“छान उंच केलाय वाफा,” तो म्हणाला.

“व्हर्जिल, आत्ता नको. घरी चल.”

“बावीस इंच तरी असेल. माझ्या आठवणीप्रमाणे.”

बाईंनी मान वळविली. “कसली आठवण?”

“माती मीच टाकली ना. अडुसष्टच्या उन्हाळ्यात. बाबांचा ट्रक होता. चाळीसेक खेपा झाल्या असतील.”

“कुठली माती?”

“आपल्या चढावरची. काळी, मऊ. त्यांना फुलांसाठी चांगली माती हवी होती.”



“सहा आठवडे!” बाई ओरडल्या. “सहा आठवडे मी रान उठवलंय आणि तू आत्ता सांगतोस? आधी का नाही बोललास?”

“कुणी विचारलं नाही,” व्हर्जिल म्हणाला. मग कान तांबडे करोन पुढे म्हणाला, “शिवाय डोरिसला ठाऊक नाहीये. तेव्हा कचेरीत टंकलेखनाला एक मुलगी होती. खेपा वीसच ठरल्या होत्या.”

डोरिस ही व्हर्जिलची बायको, पन्नास वर्षांची संसाराची सोबतीण. बाईंनी हे रहस्य पोटात घातले आणि दार उघडोन धावत सुटल्या. चौऱ्याहत्तर वर्षांची स्त्री पेटुनियांतून धावत येते हे पाहोन बँडातील तुतारीवाल्याचा सूर फाटला.

“रेनाटा! काठी उचलू नकोस! इथली जमीन जमीन नाही!”

मग बाईंनी सर्वांसमक्ष प्रकरण मांडिले. लेलंडराव म्हणाले की मनुष्याची आठवण म्हणजे पुरावा नव्हे, आणि छपन्न वर्षांची तर नव्हेच. यात तथ्य होते. तेव्हा रेनाटाने गाडीतून माती काढावयाची पोकळ सळई आणिली आणि दोन्ही फौजा श्वास रोखोन भोवती उभ्या राहिल्या. सळई आत गेली. काळी माती आली, आणखी काळी माती आली, आणि मग सळई खट्‌ करोन अडली. तीन ठिकाणी रोविली, तिन्ही ठिकाणी तैसेच. मग माळ्यास बोलावून हातभर खड्डा खणिला, तेव्हा तळाशी लाल विटांची फरसबंदी निघाली. वाफा होण्यापूर्वी तेथे पायवाट होती, आणि परगण्याचे शिखर तिजवर ओतिले होते.

रेनाटाने पट्टी धरिली. बावीस इंच.

“म्हणजे लॅथम तेराशे दहा फूट नऊ इंच,” ती म्हणाली. “वेल्डा दीड फुटाने वर.” आणि मग, “बाई, वजाबाकी बरोबर आहे ना?”

“पैकीच्या पैकी,” बाई म्हणाल्या. या वेळी त्यांनी दुसरीकडे पाहिले नाही.

आता सर्वांचे डोळे लेलंडरावांवर. ते खड्ड्याच्या काठी गुडघे टेकून बसले, चिमूटभर माती घेतली, बोटांत चुरली. आजोबांचे पुस्तक चुकीचे निघाले हे त्यांस लागले ते चेहऱ्यावर दिसत होते.

“पन्नास वर्षं राज्याच्या फुलस्पर्धेत आम्ही बक्षीस घेतोय,” ते अखेर म्हणाले. “मी सगळ्यांना सांगतो, लॅथमची माती.” मग त्यांनी वर पाहिले. “व्हर्जिल, अजून आहे का रे असली?”

“आहे,” व्हर्जिल म्हणाला. “पण आता हलवता येणार नाही.”

त्यावर लॅथमचेच लोक प्रथम हसले, आणि मग लेलंडरावही हसले, आणि वैर तेथेच संपले. त्याच जागी, पिकअपच्या बोनेटावर कागद ठेवोन, त्यांनी फर्मान लिहिले: कणीस काढावे, वेल्डा घालावे, आणि शिखरावर पितळी पाटी बसवावी, पाटीचा समारंभ उत्सवाच्या दिवशी करावा, आणि भाषण आर्डिसबाईंचे व्हावे.

जुलैचे चौदावे तारखेस, रविवारी, समारंभ जाहला. चढ इतका सौम्य की लेलंडराव रुमालाने कपाळ टिपीत रोपांमध्ये उभे राहोन विचारू लागले, “शिखर अजून किती लांब?”

“त्याच्यावरच उभे आहात,” व्हर्जिल म्हणाला. “जरा सरका, पाटी लावायचीय.”

मग बाई बोलावयास उभ्या राहिल्या. चार पाने लिहून आणिली होती. परंतु समोर त्यांचे जुने विद्यार्थी, कोणी टकले, कोणी काठी घेतलेले, कोणी दोनशे मैलांवरून पोरांस खांद्यावर बसवोन आलेले, असे पाहिले, आणि चारही पाने वाऱ्यावर हलत राहिली. अखेर त्या एवढेच बोलल्या:

“इथून पाणी दोन्हीकडे जातं. नीट बघून घ्या.”

आणि सर्वांनी, सरदारांनी आणि बँडवाल्यांनीही, प्रथम पूर्वेस पाहिले आणि मग पश्चिमेस पाहिले.

सबब दफ्तरी नोंद करावी की, इसवी सन दोन हजार चोवीस, मौजे वेल्डा, उंची तेराशे बारा फूट तीन इंच, परगणे बर्डेट यांत अव्वल. फत्ते दीड फुटाची. जायबंदी पेटुनिया सोळा. कैदी कोणी नाही. युद्धोत्तर मेजवानी चर्चच्या तळघरात जाहली. रुबार्ब नामे आंबट देठांची गोड पाई, हॅमचे पाव आणि कॉफी यांजवर दोन्ही फौजा एकवट तुटोन पडल्या, आणि आर्डिसबाई हाती किटली घेऊन दारात उभ्या राहोन माणसे मोजू लागल्या, आणि मग त्यांनी व्हर्जिलला हाक मारोन सांगितले की कोठीवरून बाकडी आण, कारण वेल्डास खुर्च्या कमी पडल्या आहेत. ही हकीकत येथे पुरी जाहली.