सहा सेकंदांची शांतता

"रविवारी जमिनीला कान लावू नकोस गं पोरी," सासूबाईंनी बजावलं होतं. "रविवारी गावात तेहोचा खेळ असतो."

यामिलेथने ते हसण्यावारी नेलं. ती भूगर्भशास्त्राची पदवीधर. मातीच्या पेटीत बारुदाच्या पुड्या मांडून त्यांवर लोखंडी चकत्या फेकणाऱ्या, आवाज झाला की बिअर पिणाऱ्या म्हाताऱ्यांना ती कशाला मोजतेय? शिवाय कासानारेच्या त्या कुरणांत शिरायची परवानगी रविवारी पाचपर्यंतच होती, आणि सर्वेक्षणाचा शेवटचा सुरुंग उरला होता. तो वाया गेला तर खडकातला तडा नकाशावर अर्धवट राहणार, आणि तिची नोकरी कायम व्हायची तीही राहणार.

साडेचारला ती यंत्राच्या गाडीत पडद्यापुढे बसली. बाहेर पाच किलोमीटरभर हादरे टिपणारे केशरी सेन्सर जमिनीत खुपसलेले. सुरुंगाचा हादरा खोल थरांवर आपटून सहा सेकंदांत वर यायचा. तेवढा वेळ वर चिडीचूप हवं. आणि पडद्यावर नुसती धडामधूम!

"भूकंप आहे का हा?" अनिबाल साहेब खेकसले.

"तेहो," ती पुटपुटली, आणि तिने सासऱ्यांना फोन लावला. "बाबा, दहा मिनिटं खेळ थांबवा ना!"

"थांबवतो की. एवढी एक चकती फेकू दे."

धडाम.

"सालोमे झोपलीय ना घरी?"

"झोपतेय कसली! इथंच आहे माझ्यापाशी."

बारुदापाशी! अकरा महिन्यांची पोर! ती ओरडणार तोच फोन कटला. आणि पडद्यावरच्या सगळ्या रेघा एकदम सरळ झाल्या.

"शांत झालं! उडव!" साहेब ओरडले.

दुसऱ्या कुणीही बटण दाबलं असतं. पण पोर तिथे आणि सगळं शांत? आईचा हात धजेना. तिने पुन्हा फोन लावला. "काय झालं तिला?"

"शूऽऽ! ओरडू नकोस. पोर पहिल्यांदाच चालतेय."

तेहोच्या मैदानाजवळच्या सेन्सरवर इवलासा ठिपका उमटला. मग दुसरा. डोंगराएवढे खडक पेलणारी जमीन नऊ किलोच्या पोरीच्या टाचेचीही दखल घेत होती! यामिलेथ श्वास रोखून मोजत राहिली. पाच, सहा, सात... आणि मग एक रुंद, बसका ठोका.

पडली.

पडणं आणि भोकाड यांच्या मधे सालोमे श्वास गोळा करते. सहा मोजेपर्यंत, कधीच कमी नाही. यामिलेथने बटण दाबलं.

दूर जमीन हलली. मग पडद्यावर खालून एकामागून एक थर वर येऊ लागले: कधीची नदीची वाळू, कधीचा समुद्राचा चिखल. आणि एका जागी सगळ्या रेघा तुटून खाली घसरलेल्या. माणूस जन्मायच्या कितीतरी आधी पडलेला तडा! गाडीत कुणी पापणी लववेना.

सातव्या सेकंदाला पडदा वेडापिसा झाला. सालोमेचं भोकाड, तीस म्हाताऱ्यांचं नाचणं, वर दोन पुड्यांचा धडाका.

साहेबांनी टोपी काढली. "वीस वर्षांत इतकं स्वच्छ रेकॉर्ड पाहिलं नाही. नेमकी वेळ कशी साधलीस गं?"

"सात पावलं टाकली हो तिनं," यामिलेथ डोळे पुसत म्हणाली, आणि चप्पल न घालताच मैदानाकडे पळत सुटली.

तिचं तुमच्याकडे एकच मागणं आहे. तुमच्या घरातलं पोर बराच वेळ गप्प असेल, तर हे वाचणं ठेवा बाजूला. आधी जाऊन बघून या.