वर रहदारी हाय

हरेश्वरभावजींची बादली मी झाकली, ती निव्वळ परोपकार म्हणून. तेव्हा मी साठीची, म्हणजे अल्लडच. दुसऱ्याच्या भांड्यात डोकावल्याशिवाय घास गिळत नसे.

भावजी आमचे उमरोळीचे शेजारी. तारापूरहून रिटायर झाले, बायको गेली, आणि सामाईक गच्चीवर त्यांनी निळी बादली मांडली. तळाशी माइक, तोंडाला पातळ प्लास्टिक. संध्याकाळी यंत्र चालू करायचं, रात्री आभाळातून जाणाऱ्या पाखरांचे आवाज पकडायचे आणि सकाळी हेडफोन लावून ते ऐकत बसायचं. एवढ्याशा ‘टिव्’वर त्यांचा चहा गार व्हायचा.

बोलता बोलता बोट वर जायचं. "थांबा! वर रहदारी हाय." एकदा शेजारच्या हळदीत घुसून डीजेवाल्याला म्हणाले, "पाच मिनटं बंद कर रं, वर रहदारी हाय." नवरीच्या बापानं त्यांनाच हळद फासून नाचवलं.

माझा काही विश्वास बसेना. बादलीत कुठं पाखरं येतात? एकटा पुरुष, चोरून सुकटीसाठी जवळा वाळवत असणार, सांगायची लाज वाटत असेल!

त्या साली वैतरणेच्या खाडीत उतरणाऱ्या एका बाकदार चोचीच्या पाखरासाठी त्यांनी जीव टाकला होता. त्याची हाक एकदा तरी आपल्या छपरावरून मिळावी, एवढंच. "आज वारा बरोबर हाय, आज येणार," असं सगळ्यांना सांगून, यंत्र लावून ते खाली गेले. मागोमाग मी दोरीवरचे कपडे काढायला वर. बादली तशीच उघड्यावर! मी घरातून माझी परात आणून तिच्यावर उपडी घातली, वर वरवंटा ठेवला.

सकाळी भावजी दारात. हातात परात, तिच्यावर कोरलेलं माझं नाव. आता नाकारणार काय? त्यांनी हेडफोन माझ्या कानाला लावला. आत मीच कडाडत होते: "अहो भावजी, जवळा उघडा टाकून कुठं उलथलात? मांजरं खातील! आणि जेवलात का?" मग ढण्ण! पुढं पहाटेपर्यंत चिडीचूप.

"पुसून टाका हो ते," मी कशीबशी म्हणाले.

त्यांनी हेडफोन स्वतःच्या कानाला लावला. पुन्हा ऐकलं. मग म्हणाले,

"नाय पुसणार, वहिनी. पाखरं काय, पुढल्या साली येतील. ‘जेवलात का’ म्हणत वरनं कोण जातं?"