ओळ क्रमांक एक्केचाळीस

सुव्यवस्था म्हणजे दुसरे काही नसून, कोणी कोणाच्या आधी उभे राहावे याचा एकदाचा लागलेला निकाल होय. नगर तक्रार कार्यालयात हा निकाल संगणकातल्या एका यादीत लावून ठेवला आहे. नागरिकाची तक्रार आली की यंत्रणा यादी वरून खाली तपासते. ज्या ओळीतले शब्द तक्रारीत सापडतील, त्या पहिल्याच ओळीच्या विभागाकडे तक्रार रवाना होते आणि यंत्रणा थांबते. खाली याहून नेमकी ओळ आहे का, हे ती बघत नाही. (काम झाल्यावर डोकं कशाला चालवायचं?)

यादी विभागप्रमुखांच्या सेवाज्येष्ठतेनुसार लावलेली असल्याने तीत पक्षपाताला वाव नाही. पहिली ओळ रंगकाम विभागाची: 'भिंत'. 'भिंत पडली' ही पडझड विभागाची ओळ अडतिसावी. त्यामुळे गेल्या वर्षी पडलेल्या अकरा भिंतींपैकी नऊ मुदतीत रंगवून झाल्या. (दोन ठिकाणी रंगाऱ्यांना भिंत सापडली नाही.) ज्यांच्या छपरावर झाड कोसळले, त्या प्रत्येकाला वृक्षारोपण विभागाकडून एक रोप घरपोच मिळाले.

ही यादी सांभाळणाऱ्या बाईंना सगळे यादीबाई म्हणत. लांब, नेमक्या ओळी वर घ्याव्यात आणि आखूड ओळी खाली, एवढेच त्यांचे म्हणणे. दीड मिनिटाचे काम. मोठ्या साहेबांनी अर्ज वाचून चष्मा काढला.

"बाई, पडझडवाला परवा लागलाय. तो रंगकामच्या साहेबांच्या डोक्यावर बसणार? त्यांना निवृत्तीला तीन वर्षं राहिलीत."

"मग तोवर पडलेल्या भिंतींचं काय करायचं, साहेब?"

"रंगवू की!"

मंगळवारी अकरा वाजून दहा मिनिटांनी यादीबाईंच्या पडद्यावर एक तक्रार आली: 'लिफ्टमध्ये अडकले आहे. घाई नाही, पण दिवा गेला आहे आणि पंखाही.' यंत्रणेला सहाव्या ओळीत 'लिफ्ट' सापडले. वार्षिक तपासणी विभागाचे उत्तर ताबडतोब गेले: 'आपली लिफ्ट तपासणीस पात्र आहे. तपासनीस एकवीस दिवसांत येतील. त्या वेळी तक्रारदाराने लिफ्टजवळ हजर राहावे.' (तक्रारदार हजर होत्याच.)

'लिफ्टमध्ये अडकले' ही सुटका पथकाची ओळ एक्केचाळिसावी. तिच्यापर्यंत आजवर एकही तक्रार पोचली नव्हती, म्हणून पथकाला सलग चार वर्षे निर्दोष सेवेची ढाल मिळाली होती.

यादीबाईंनी सवयीने पत्ता वाचला. पत्ता त्यांच्याच इमारतीचा होता. 'घाई नाही' असे लिहिणारी त्या इमारतीत एकच बाई राहते, आणि तिला दम्याचा त्रास आहे.

त्यांनी एक्केचाळिसावी ओळ उचलून थेट सर्वांत वर ठेवली आणि तक्रार पुन्हा सोडली. परवानगी नाही, सही नाही, काही नाही. चौदाव्या मिनिटाला पथकाने यादीबाईंच्या आईला बाहेर काढले. आईने पथकातल्या सगळ्यांना पाणी विचारले.

कार्यालयात मात्र प्रसंग गंभीर होता. रंगकामच्या साहेबांची ओळ दुसरी झाली होती! तातडीची बैठक बसली. ज्येष्ठतेचा मान राहावा म्हणून साहेबांना सर्वांत वर शून्य क्रमांकाची नवी ओळ देण्यात आली. शब्द एकमताने ठरेपर्यंत ती कोरी ठेवायची होती. कोऱ्या ओळीत न सापडणारा शब्दच नसतो, म्हणून यंत्रणेला ती कुठल्याही तक्रारीत लगेच सापडते. त्यामुळे संध्याकाळपर्यंत शहराच्या तीनशे सोळाच्या तीनशे सोळा तक्रारी रंगकामाकडे गेल्या, आणि यादीबाईंच्या हाती कारणे दाखवा नोटीस आली.

घरी पोचताच त्या आईवर उखडल्या. "अगं, त्या यंत्राला काय कळवत बसलीस? मला फोन करायचास ना सरळ!"

"केला होता की."

"कधी?"

"अकरा वाजता. मी म्हटलं, 'अगं, मी...' तर तू म्हणालीस, 'हो आई, जेवीन वेळेवर,' आणि ठेवलास."

यादीबाई खाली बसल्या. अजून पायातल्या चपलाही निघाल्या नव्हत्या.

वाचकहो, त्यांना हसायला हरकत नाही. फक्त तुमच्या आईचा शेवटचा फोन आला होता, तेव्हा तिचे वाक्य कुठे संपले, तेवढे सांगा.