दुसरं शिंग

मुरुम गावच्या मोंढ्यातले धान्याचे अडतवाले खाजामियाँ माणूस दिलदार, पण त्यांच्या बैठकीची मागची भिंत बारा महिने ओली. चुना लावा, गिलावा करा, चार दिवसांत पोपडे पुन्हा हजर. एरवी भिंतीचं कोण घेऊन बसतं! पण त्यांच्या एकुलत्या लेकीला, शरिफाला, उस्मानाबादच्या वकिलांच्या मुलाचं स्थळ सांगून आलं होतं. एका लग्नात पडद्याआडून पाहिलेला तो मुलगा शरिफाच्या मनात पक्का बसला होता. आणि मुलाची आई हमिदाबी आधी भिंतीला हात लावते, मग मुलीकडं बघते, अशी तिची ख्याती होती. ज्यांना भिंत सांभाळता आली नाही त्यांनी मुलगी काय सांभाळली असणार, असं तिचं म्हणणं. दोन स्थळं तिनं नुसत्या तळहातानं मोडली होती.

म्हणून खाजामियाँ हैदराबादेला गेले आणि कुठल्याशा हवेलीच्या लिलावातून भिंतीला लावायचा कागद घेऊन आले. फ्रान्स देशात चार-साडेचारशे वर्षांपूर्वी विणलेल्या एका पडद्याची ती छापील नक्कल होती. लाल जमीन, तिच्यावर फुलंच फुलं, मधोमध भरजरी पोशाखातली बाई, तिच्या एका बाजूला सिंह आणि दुसऱ्या बाजूला कपाळावर एकच लांब शिंग असलेला पांढरा घोडा. भिंत न मोजताच गेले होते, म्हणून आपले दोन चित्रांपुरता कागद घेऊन आले.

गावात कागदाचं काम म्हणजे धोंडप्पा. मोहरमचे ताबूत वर्षानुवर्षं तोच मढवायचा. पाहुणे मंगळवारी येणार, म्हणून सोमवारीच त्यानं गव्हाच्या पिठाची खळ शिजवली आणि संध्याकाळपर्यंत एक चित्र भिंतीवर बसवलं. भिंत अशी झाकली गेली की खाजामियाँना आपल्याच घरात परक्यासारखं वाटू लागलं.

त्यांच्या बायकोनं, अजीजाबींनी, दारातूनच कपाळाला हात लावला. तसबिरीच्या घरात फरिश्ते येत नाहीत हे एक, आणि दुसरं त्याहून वाईट.

"उद्या पाहुणे शरिफाकडं बघणार का ह्या बयेकडं?" त्या म्हणाल्या. "तोंड झाका तिचं. नमाज मी आतल्या खोलीत पढीन."

धोंडप्पाकडं ताबुताचा उरलेला लालभडक कागद होता. त्यानं गोल कापून बाईच्या तोंडावर चिकटवला. मग लांब उभं राहून तो चित्र न्याहाळू लागला आणि त्याला भलतंच खटकलं.

"मियाँसाब, एका शिंगाचं जनावर बाजारात कुणी इकत घेत न्हाय, अन् तुमी त्ये सोयऱ्यांम्होरं बांधताव व्हय? छापणारा इसरला आसंल. म्या लावतो दुसरं."

खाजामियाँ काही म्हणायच्या आत त्यानं कमरेची चुन्याची डबी काढली आणि बोटानं झोकदार शिंग ओढलं. घोड्याचा बैल झाला. धोंडप्पाला लई समाधान वाटलं.

मंगळवारी सकाळी दूध घालायला नागूबाई आली. तिनं बैठकीत डोकावलं आणि दुधाचं भांडं खाली ठेवलं. शेंदरासारखं लाल तोंड, अंगावर जर, शेजारी सिंह, पलीकडं नंदी, आणि वार मंगळवार. आता एवढ्यावर जिला कळणार नाही ती तुळजापूरच्या मुलखातली बाईच नव्हे. नागूबाईनं चपला काढल्या आणि लोटांगण घातलं.

दुपारपर्यंत अर्ध्या मुरुमच्या बायका ताटं घेऊन बैठकीत. नारळ फुटतायत, पाणी शिंपडलं जातंय, हळदीकुंकवाचा सडा पडतोय. खाजामियाँनी ही फ्रान्सची बाई आहे म्हणून परोपरीनं सांगितलं, तर आई कुठंबी परगट हुती, असं उत्तर आलं. बायकांना बाहेर काढा म्हणून ते अजीजाबींच्या मागं लागले, तर दारात आलेल्या बाईला परतवायची आपल्या घराची रीत नाही, असं त्यांनीच सुनावलं. तेवढ्यात वकीलसाहेब आणि हमिदाबींचा टांगा दारात थांबला.

हमिदाबी आत आल्या त्या गर्दीतून थेट भिंतीकडं निघाल्या. तळहात पुढं झाला. खाजामियाँनी डोळे मिटले. आतल्या दारामागं शरिफानंही मिटले. पण नागूबाई मध्ये उभी होती.

"पोराची आई व्हय? मंग पदर पसरा. तुमची बी ओटी भरायची हाय."

समोरून नारळ येतोय म्हटल्यावर हमिदाबींचे दोन्ही हात आपोआप पदराला गेले. नारळ, खण, तांदूळ, सुपाऱ्या. एक झाली की दुसरी बाई. भिंतीला लावायला हात म्हणून उरला नाही.

"हे सगळं कशासाठी?" त्यांनी विचारलं.

"शरिफाचं जमावं म्हणून," नागूबाई म्हणाली. "आमच्याच अंगाखांद्यावर वाढलीया की ती."

हमिदाबींच्या डोळ्यांत पाणी आलं. ज्या पोरीसाठी सगळं गाव पदर पसरतं, तिला नाही म्हणायचं कसं? त्यांनी तिथल्या तिथं होकार दिला. वकीलसाहेब भिंतीला पाठ लावून बसले होते, त्यांनी सरबताचा पेला तोंडाला लावला. शिंपडलेलं पाणी आणि मागची ओल एकत्र आली, वरची खळ सुटली, आणि बाई, सिंह, बैल सगळं वकीलसाहेबांच्या अंगावर आलं.

भिंत उघडी पडली. ओली, काळी, पोपड्यांची.

हमिदाबींनी ओटी खाली ठेवली, सावकाश पुढं गेल्या आणि भिंतीवर तळहात टेकवला. बराच वेळ तसाच ठेवला. मग त्यांना हसू फुटलं, ते काही केल्या आवरेना.

"आमच्या दिवाणखान्यातला मोठा आरसा बघायला लोक लांबून येतात," त्या म्हणाल्या. "त्याच्यामागं भिंत अशीच आहे. ज्याच्या घरी ओल, त्याचाच हात आधी भिंतीकडं जातो, मियाँ." आणि आवाज खाली आणून विचारलं, "कागद उरलाय का हो?"

उरलेलं चित्र शरिफाच्या जहेजातून उस्मानाबादेला गेलं. सोबत लाल कागदाचा गोल तुकडा अजीजाबींनी आठवणीनं दिला. धोंडप्पाला मात्र खाजामियाँनी बरोबर पाठवलं नाही. पुरे झालं, म्हणाले.

वकिलांच्या दिवाणखान्यात, बाईच्या तोंडावर तो लाल गोल चिकटवून, चित्र चढलं. हमिदाबी पान लावता लावता त्याच्याकडं बघत राहिल्या. एकच शिंग. नवी सून घरात आलेली, आणि समोर असलं अपुरं जनावर! त्यांनी पानदानातला चुना बोटावर घेतला.

पुढच्या मंगळवारी वकिलांची दूधवाली दारात चपला काढत होती.